उशीर (४)

भद्रकालीच्या बोळात, भांडी बाजाराकडे वळायच्या आधी
माझं दुकान. एक काउंटर, एक कॉम्प्युटर, एक पंखा,
तो गिऱ्हाइकाकडेच बघतो.
मेमरी कार्डात गाणी भरून देतो मी,
पन्नास रुपयांत शंभर.
कुठली ते तुम्ही सांगायचं,
नाही सांगितलं तर मी चेहरा बघून टाकतो.

हिरामण दातीर, पिंपळगावहून, द्राक्षांचा टेम्पो,
म्हणाला, ‘उशीर’ टाक.
कुठलं उशीर?
अरे, असून असून किती असतील?

मग मी मोजून दाखवली.
एक पेटीवरचं, जुनं. ती दिवा घेऊन खिडकीत,
आणि गाणाऱ्याला घाई अशी नाहीच.
दुसरी लावणी. तिथे उशीर हा गुन्हा,
शिक्षा ढोलकी सुनावते.
तिसरी कव्वाली. देवाकडे जायला उशीर झालाय की तिच्याकडे,
सतरा मिनिटं कळत नाही.
रज्जाकचाचा म्हणतात, कळलं की कव्वाली संपली.
चौथं डीजेवालं, त्यात ‘उशीर’ हा एकच शब्द
अडीचशे वेळा, आणि मध्ये भोंगा.
मग एक गझल, एक कोळीगीत,
आणि एक कुणीतरी घरीच गायलेलं,
मागे कुकरची शिट्टी.

हिरामणनं डोकं खाजवलं, म्हणाला,
त्यातलं प्रेमाचं कुठलं?
सगळीच, म्हटलं.
मग राहू दे, म्हणाला, झोप न येणारं दे काहीतरी.

एका नावाचं दुसरं आलं की कॉम्प्युटर विचारतो,
या नावाचं आधीच आहे, त्याच्या जागी हे ठेवू?
बारा वर्षं झाली, मी एकदाही हो म्हटलेलं नाही.
मग तो आपला आकडे लावत जातो,
उशीर (२), उशीर (३),
मास्तरांनी एकाच वर्गातले तीन गणपत हजेरीत लिहावेत तसा.

मंदाकिनी खैरनार आल्या त्या बुधवारी,
गंगेवरचा बाजार उरकून, पिशवीतून मेथी डोकावणारी.
नोटप्रेसमधून निवृत्त, पण बोटं अजून
हवेतल्या हवेत काहीतरी मोजत असतात.
‘उशीर’ आहे का हो तुमच्याकडे?

एकेक लावून दाखवलं.
पेटीला नाही. लावणीला नाही, पण हसल्या.
कव्वाली पूर्ण ऐकली, उभ्यानं.
डीजेला मेथीची जुडीच कानाशी धरली.
कुकरपर्यंत पोचलो, तरी नाही.
म्हटलं, शब्द आठवतात का एखाद-दोन?

शब्द नव्हतेच, म्हणाल्या.
तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा.
देवळालीला वरातीत माझ्याकडे बघून वाजवलंन् काहीतरी.
मी पुढे होऊन विचारलं, कुठलं हे?
ओठांवरची पिपाणी बाजूला करून म्हणाला, उशीर.
आणि वरात वळली.

चाल?
चाल तेव्हाच गर्दीत गेली.
आणि खरं सांगू, त्यानं गाण्याचं नाव सांगितलं
की वेळ,
हे मला अजून कळलेलं नाही.

पंखा तिच्याकडे बघत राहिला.
मी सातही भरून दिली. पैसे घेतले नाहीत म्हणून
त्यांनी काउंटरवर ठेवले, दोनदा मोजून.

मध्ये काही बुधवार गेले.
गंगेला पाणी आलं, बाजार एकदा वर सरकला,
मारुतीच्या कमरेपर्यंत, म्हणाले लोक, मी पाहायला गेलो नाही.
मग एकदा आल्या, कोथिंबीर घेऊन,
आणि दारातूनच म्हणाल्या,
चौथं.

सापडलं?

छे हो. ते त्याचं नव्हेच. तो असलं मेला तरी वाजवणार नाही.
पण भांडी घासताना बरं वाटतं.
तेवढं एक दहा वेळा भरून द्या.

म्हटलं, बाई, कार्डात एकदा असलं
की हवं तितक्यांदा लागतं.
द्या तरी, म्हणाल्या.

या नावाचं आधीच आहे, कॉम्प्युटर म्हणाला,
त्याच्या जागी हे ठेवू?
नको, म्हटलं.
पुन्हा विचारलं त्यानं. नको.
कोथिंबिरीचा वास दुकानभर,
आणि मी दहा वेळा नको म्हणत होतो.